शब्द दिला की तो आपला राहत नाही

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा असेल. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात आमचं भात कापून चार दिवस झाले होते, पेंढ्या बांधायच्या राहिल्या होत्या, आणि त्या पहाटे आभाळ भरून आलं. काम पैऱ्यानं ठरलेलं होतं. आदल्या आठवड्यात आमच्या घरची चार माणसं शेजारच्या काकांच्या कापणीला गेली होती, आज त्यांची चार माणसं आमच्याकडे येणार होती. सहाच्या सुमाराला काका दारात आले, पण हातात विळा नव्हता. चप्पल बाहेर काढून उंबऱ्यापाशी उभे राहिले आणि बाबांना म्हणाले, "दादा, माझंबी भात रानातच पडलंय. पण आज तुमच्याकडं यायचा शब्द हाय माझा. तुम्ही मोकळं केलासा तर जातो, नाहीतर माणसं घेऊन आलोच."

बाबांनी आभाळाकडे एकदा बघितलं. "जा गा. आदी तुझं उरक," एवढंच म्हणाले.

दुपारी पाऊस आला आणि आमचं निम्मं भात भिजलं. मी बारा वर्षांची होते. मला काकांचा राग आला होता आणि बाबांचा त्याहून जास्त. पुढचे तीन दिवस काका आणि त्यांची माणसं न बोलावता आमच्या रानात होती. भिजलेलं भात उलटंपालटं करून वाळवलं, पेंढ्या बांधल्या, गंजी रचून दिली. शब्द मोडणं आणि शब्द सोडवून घेणं यांत काय फरक आहे, ते मी त्या सुगीत डोळ्यांनी बघितलं. नीट समजायला मात्र बरीच वर्षं गेली. आज वकिलांच्या कार्यालयात कागद वाचून दाखवायचं काम करते, तेव्हा काकांचं ते 'मोकळं केलासा तर' मला रोज आठवतं.

शब्द आपण 'देतो', हे आधी लक्षात घेऊ. दिलेली वस्तू घेणाऱ्याची होते, तसाच शब्दही. 'उद्या पाऊस येईल' हा अंदाज आहे, तो चुकला तर कुणी जाब विचारत नाही. 'यंदा घर रंगवायचं म्हणतोय' हा बेत आहे, तो माझा आहे, मी बदलू शकते. पण 'वैनी, तुमच्या घरच्या बारशाला मी येऊन स्वयंपाकाला हातभार लावते' असं म्हटलं, की माझ्या त्या दिवसाचा एक तुकडा वैनींचा झाला. तो परत घ्यायचा अधिकार आता माझ्याकडे नाही, वैनींकडे आहे. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डमधल्या व्याख्यानांत हा मुद्दा फार चांगला उलगडला. काही वाक्यं जगाचं वर्णन करत नाहीत, ती बोलण्यानंच एक काम घडतं. 'शब्द देतो' हे त्यातलंच वाक्य. साखरपुड्यात चार माणसांसमोर 'मुलगी दिली' म्हटल्यावर दोन घरांचं नातं बदलतं, ते काही कुणी बातमी सांगितली म्हणून बदलत नाही.

आपल्या भागातल्या दोन्ही भाषांनी हे ओळखलेलं आहे. कन्नडमध्ये 'मातु कोडोदु' म्हणजे शब्द देणं. मातु म्हणजे बोलणं आणि कोडोदु म्हणजे देणं, अगदी मराठीसारखीच रचना. मराठीत आण घेतात, तिकडे आणे घालतात. आणि कन्नडमध्ये 'भाषे' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, भाषा आणि वचन. ज्या जिल्ह्यात भाषेवरून इतकी वर्षं माणसं एकमेकांकडे पाठ फिरवून उभी राहिली, तिथं या शब्दाचा दुसरा अर्थ मला फार मोलाचा वाटतो. कर्नाटकातल्या शाळांत शिकलेल्या मुलांना पुण्यकोटी गाईची गोष्ट माहीत असते. वासराला पाजून परत येते, असं वाघाला सांगून ती जाते आणि खरंच परत येते. आमच्या गल्लीतली मराठी मुलंसुद्धा ती गोष्ट ऐकतच मोठी झाली.

आता पैऱ्याकडे परत येऊ, कारण शब्दाची गरज मुळात का पडते ते पैऱ्यात स्वच्छ दिसतं. अठराव्या शतकात स्कॉटलंडचे डेव्हिड ह्यूम यांनी जे उदाहरण घेतलं, ते येळ्ळूरच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. तुझं पीक आज तयार आहे, माझं उद्या होईल. आज मी तुला मदत करावी, उद्या तू मला करावीस, यात दोघांचाही फायदा आहे. पण तुझं काम झाल्यावर तू येशील याची मला खात्री नाही, म्हणून मी आज येत नाही, मग तूही येत नाहीस, आणि दोघांचंही पीक रानात वाया जातं. यात कुणी दुष्ट नाही, फक्त विश्वासाला धरायला काही नाही. आज आणि उद्या यांच्यामधल्या त्या रिकाम्या जागेवर टाकलेली फळी म्हणजे शब्द. मजुरीचे पैसे रोख देऊन माणसं मिळायला लागली तसा पैरा कमी झाला, तरी ती जागा काही भरली नाही. यंत्रमागावर कामाला येणाऱ्या माणसाला उचल दिली जाते, ऊसतोडणीच्या टोळीला हंगामाआधी पैसे दिले जातात, भिशीत पहिला नंबर लागलेला माणूस पुढचे सगळे हप्ते भरेल असं बाकीचे धरून चालतात. या सगळ्यात एकानं आधी दिलेलं असतं आणि दुसऱ्याचं द्यायचं राहिलेलं असतं.

शब्द नीट दिला गेला का, हे बघताना सगळ्यात जास्त घोळ दिसतो तो दोघांच्या मनात एकच गोष्ट होती का, या प्रश्नापाशी. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात हे घडलं. ब्लाउज शिवायला टाकले होते, टेलर कन्नड बोलणारे. ते म्हणाले, "मुंदिन वारा कोडतीनी." काकूंनी ऐकलं 'वार'. आज सोमवार, पुढचा वार मंगळवार, म्हणजे उद्याच देतो म्हणाले. कन्नडमध्ये 'वारा' म्हणजे आठवडा. मंगळवारी काकू दुकानात जाऊन भांडून आल्या, टेलर बिचारे गोंधळून बघत राहिले. दोघंही खरं बोलत होते. भारतीय करार कायद्याचं कलम १३ नेमकं हेच सांगतं, की दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थानं मान्य केली असेल तर ती संमती. सीमाभागात राहणाऱ्यानं हे कलम पाठच करावं असं मला वाटतं. इथं कागद कन्नडमध्ये असतो, त्याची चर्चा मराठीत होते, आणि आकडे कधी हिंदीत ठरतात. सही करण्याआधी दोन्ही भाषा येणाऱ्या आपल्या विश्वासातल्या माणसाकडून कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून घ्या. 'तेच लिहिलंय जे बोललो' एवढ्यावर सही करू नका. आणि तोंडी ठरवताना 'परवा', 'पुढल्या वारी', 'मुंदिन वारा' असं न म्हणता तारीख सांगा. तारखेला दोन्ही भाषांत एकच अर्थ असतो.

दुसरा घोळ आपल्या चांगुलपणातून येतो. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं जड जातं. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून आपण 'होय की', 'बघूया की', 'करूया की गा' म्हणतो. बोलणाऱ्याच्या मनात तो सभ्य नकार असतो. ऐकणारा मात्र तो शब्द म्हणून घरी घेऊन जातो. माझ्या मते मोडलेल्या शब्दांपैकी फार मोठा हिस्सा हा कधी दिलाच नव्हता अशा शब्दांचा असतो. यावर उपाय साधा आहे, पण मन घट्ट करावं लागतं. 'या महिन्यात मला जमणार नाही' हे वाक्य त्याच वेळी बोलून टाकायचं. ऐकणाऱ्याला क्षणभर वाईट वाटेल, पण तो दुसरीकडे विचारायला मोकळा होईल.

आणि मनापासून दिलेला शब्दही चुकतो, कारण आपला वेळेचा अंदाज चुकतो. मानसशास्त्रात या सवयीचा बराच अभ्यास झालाय. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली तिला नाव दिलं. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज होता सुमारे ३४ दिवस, प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. ही मुलं खोटं बोलत नव्हती. काम सरळ चाललंय असं चित्र डोळ्यांपुढे आणून त्यांनी दिवस मोजले, आणि मध्ये येणारी आजारपणं, पाहुणे, अडलेली कामं हिशेबात धरलीच नाहीत. लग्नसराईत वडगावचा विणकर साडीची तारीख देतो तेव्हाही हेच होतं. त्याच्या मनातल्या मागाची वीज कधी जात नाही. म्हणून मागच्या खेपेला हे काम किती दिवसांत झालं होतं ते आठवायचं आणि तीच तारीख सांगायची.

मुलांच्या बाबतीत तर हे फार जपायला हवं. 'परीक्षा झाली की गोकाकचा धबधबा दाखवतो' असं बाप सहज म्हणतो. परीक्षा संपते मार्च-एप्रिलमध्ये, आणि तेव्हा घटप्रभेला पाणीच नसतं, काळा खडक तेवढा दिसतो. मूल जूनपर्यंत विचारत राहतं, बाप 'जाऊया की' म्हणत राहतो. 'जुलै-ऑगस्टमध्ये पाणी चढलं की एका रविवारी जाऊ' असं म्हटलं असतं तर तो शब्द पाळण्याजोगा होता. अठरा वर्षांखालच्या मुलानं केलेला करार कायदा मानत नाही. पण मुलाला दिलेल्या शब्दाची वयाशी काही सवलत नसते, कारण शब्द म्हणजे काय ते मूल तिथंच शिकत असतं.

जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द देता येतो का? देता येत नाही, फार तर प्रयत्नांचा देता येतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर सीमाभागातल्या मराठी माणसानं किती आश्वासनं ऐकली त्याला गणती नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल कुठल्याही पुढाऱ्याच्या खिशात नाही, तरी प्रत्येक निवडणुकीत तो 'मिळवून देतो' म्हणणारा कुणीतरी भेटतोच. आमच्या आजोबांच्या पिढीनं हा प्रश्न उराशी धरून आयुष्य काढलं. त्यांच्याशी बोलणाऱ्यानं 'मी अमुक तारखेपर्यंत अमुक अर्ज करीन' एवढंच सांगितलं असतं, तर तो खरा शब्द झाला असता.

कायदा कुठल्या शब्दाला धरतो आणि कुठल्याला सोडतो, यावर जरा थांबून बोलते, कारण रोज माणसं या प्रश्नानं हैराण होऊन येतात.

तोंडी करारही करारच असतो. फक्त तो सिद्ध करणं कठीण जातं. पण प्रत्येक वचन म्हणजे करार होत नाही. करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या हिशेबात वचनाच्या बदल्यात काहीतरी मिळायला किंवा सोडायला हवं, ज्याला मोबदला म्हणतात. मामा भरल्या मांडवात म्हणाला, 'भाचीला दोन तोळे घालतो', आणि घातले नाहीत, तर भाची कोर्टात जाऊन ते मागू शकत नाही. याला कलम २५ मध्ये अपवाद आहेत. जवळच्या नात्यात, प्रेमापोटी दिलेलं वचन लेखी असेल आणि नोंदणी केलेलं असेल, तर ते कायद्यानं टिकतं.

हातउसन्याचं प्रकरण सगळ्यात दुखरं. भावकीत, मैत्रीत दिलेले पैसे, कागद नाही, मागायची लाज. असे पैसे कोर्टातून वसूल करायची मुदत साधारणपणे पैसे दिल्यापासून तीन वर्षं असते. ती संपण्याआधी घेणाऱ्यानं 'माझ्याकडून एवढं देणं आहे' असं लिहून सही दिली, तर त्या दिवसापासून पुन्हा नवी तीन वर्षं मोजली जातात. मुदत उलटून गेल्यावरही कर्ज मेलं असं कायदा म्हणत नाही, फक्त कोर्टाचं दार बंद होतं. आणि गंमतीची नव्हे, मनाला भिडणारी गोष्ट अशी, की मुदत संपलेल्या त्या जुन्या देण्याबद्दल घेणाऱ्यानं पुन्हा लेखी वचन देऊन सही केली, तर कायदा ते वचन धरतो. कलम २५ मधलाच हा आणखी एक अपवाद. दार बंद झाल्यावरही माणसाला आपला शब्द जिवंत करायची सोय कायद्यानं ठेवली आहे. म्हणून पैसे देतानाच वहीत तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या अशा दोन ओळी लिहून ठेवा. त्यानं नातं बिघडत नाही, पुढं कुणाला आठवणीवरून भांडावं लागत नाही.

चेकचा नियम कडक आहे. देणं फेडायला दिलेला चेक खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आला, तर बँकेनं कळवल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस पाठवायची असते. नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर फौजदारी तक्रार होते, आणि दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात. जमिनीचा संचकार, म्हणजे विसार, दिला म्हणजे जमीन आपली झाली असं धरू नका. संचकारपत्र हे विकण्याचं वचन आहे, मालकी नोंदणी झालेल्या खरेदीपत्रानंच बदलते.

आणखी एक गैरसमज. कुणी शब्द पाळला नाही की लोक लगेच 'चारसोबीस' म्हणतात आणि पोलीस ठाण्यात जायला निघतात. तो जुना आकडा भारतीय दंडसंहितेतला, १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आलंय. दोन्हीकडे प्रश्न तोच आहे, की शब्द देतानाच मनात फसवायचं होतं का? तसं असेल तर तो गुन्हा. मनापासून दिला होता, नंतर जमलं नाही, तर ते दिवाणी प्रकरण, नुकसानभरपाईचं. हा फरक मला फार न्याय्य वाटतो. खोटा शब्द आणि मोडलेला शब्द यांना आपण घरातही एकाच मापानं मोजू नये.

न जमण्यासारखं खरंच काही घडतं तेव्हा काय? ऑगस्ट २०१९ च्या पुरात नदीकाठची शेतं पाण्याखाली गेली. ठरावीक शेतातलंच पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, द्यायचा करार झालेला असेल आणि ते शेतच वाहून गेलं असेल, तर अशक्य झालेली गोष्ट कायदाही करायला लावत नाही, कलम ५६ त्यासाठीच आहे. पण भाव वाढला, आता त्या दरात परवडत नाही, याला अशक्य म्हणत नाहीत. ते फक्त महाग पडणं आहे.

या दोन टोकांच्या मध्ये आपले रोजचे शब्द असतात. जमेल पण ओढाताण होईल, किंवा दोन शब्द एकाच दिवशी आले. काकांपुढे त्या पहाटे हाच पेच होता. त्यांनी कारण सांगून विषय संपवला नाही. निरोप पाठवला नाही. काम सुरू व्हायच्या आधी स्वतः चालत आले, आपली अडचण सांगितली आणि निर्णय बाबांवर सोडला. 'नाहीतर आलोच' या दोन शब्दांत सगळं वजन आहे, कारण बाबांनी नाही म्हटलं असतं तर ते खरोखर आले असते. करार कायद्याचं कलम ६३ म्हणतं, ज्याला वचन दिलं आहे तो ते पूर्ण किंवा काही अंशी माफ करू शकतो, मुदत वाढवून देऊ शकतो. देणाऱ्याला तो हक्क दिलेला नाही. बाबा फक्त चौथी शिकले होते, त्यांना कलम माहीत असायचं काही कारण नव्हतं.

हे सगळं मी इतकं ठामपणे लिहिते, पण चार वर्षांपूर्वी मी स्वतः एक शब्द मोडला. आमच्या मागच्या आळीत एक मावशी राहतात, एकट्या. त्यांचं पेन्शन अडलं होतं, कागद कन्नडमध्ये, त्यांना वाचता येत नव्हता. 'मंगळवारी दहाला बसस्टॉपवर या, मी बरोबर येते,' असं मी सांगितलं होतं. मंगळवारी सकाळी ऑफिसात अचानक काम निघालं आणि मी पार विसरले. त्या दिवशी माझा फोनही बंद पडला होता. संध्याकाळी आठवलं तशी पळत गेले. मावशी जेवणाचं बघत होत्या. कागदांची प्लॅस्टिकची पिशवी दोऱ्यानं बांधून खुंटीला लावलेली होती. शेजारणीनं सांगितलं, दोन वाजेपर्यंत उन्हात थांबल्या होत्या. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "काम असंल गं तुला." रागावल्या नाहीत, आणि त्यानंतर मला कधी काही सांगितलंही नाही. तीन महिने त्यांनी त्या पेन्शनवाचून काढले आणि शेवटी दुसऱ्या कुणाच्या तरी पाया पडून काम करून घेतलं.

त्या दिवशी माझ्याकडून एक सकाळ चुकली असं मला वाटत होतं. मावशींच्या बाजूनं बघितलं तर त्यांच्याकडे विचारायला असलेलं एक माणूस कमी झालं होतं. शब्द मोडल्यावर नुकसान मोजतो तेव्हा आपण वाया गेलेला वेळ आणि पैसे मोजतो. पुढच्या वेळी तो माणूस आपल्याला विचारणारच नाही, हे मोजायचं राहून जातं. काकांचे ते तीन दिवस बहुधा यासाठीच होते.

या महिन्यात मावशींचा नवा कागद आलाय, हयातीच्या दाखल्याचा. मला तो शेजारणीकडून कळला. मी गेले, त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेभोवती गोल केला, खाली नऊ वाजता असं लिहिलं, आणि दुसऱ्या कामाला जावं लागलं तर कोण येईल त्याचं नाव सांगून त्या मुलीला मावशींसमोरच फोन लावून दिला. मावशींनी सगळं ऐकून घेतलं, चहा केला. "कागद माझ्याकडं देऊन ठेवतासा काय?" असं मी निघताना विचारलं. त्यांनी खुंटीवरच्या पिशवीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की. त्या दिवशी घेऊन येतो मी."